निवाडा कोणी करावयाचा? : गोव्याचे बंदी आणि संमिश्र न्यायालयाची कल्पना

मराठी वाङ्मय शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने न्यायालयांविषयी लिहावे, यात थोडा अधिकारातिक्रम आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही या शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याची वेळ आली तेव्हा संतवाङ्मय व नवकविता हे माझे नेहमीचे विषय बाजूला ठेवून मी हा विषय घेतला. त्याला कारण झाली ती डिसेंबर १९६१ मधील एक रात्र. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. बेळगावहून खानापूरमार्गे लोंढा व अनमोडकडे लष्करी गाड्यांची रीघ लागली होती. त्या गाड्या कोठे निघाल्या आहेत हे मोठ्यांनी सांगण्याची गरजच नव्हती. गावातली माणसे रस्त्याच्या कडेला कांबळी पांघरून उभी होती. आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत. १९५५ च्या सत्याग्रहात ते गोव्याच्या हद्दीत गेले होते, तेथील एका पोलीस ठाण्यात काही आठवडे राहिले होते आणि मग त्यांना सरहद्दीवर आणून टाकण्यात आले होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे त्यानंतर सरळ होत नसत. त्या रात्री माझे वडील त्यांना म्हणाले, "झालं, आता गोवा आपला!" ते काही वेळ गाड्यांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "गोवा आपला झाला मास्तर, चांगलंच झालं. पण त्या माणसाचं काय करायचं?"

'तो माणूस' म्हणजे त्यांची बोटे मोडणारा. त्या प्रश्नाला माझ्या वडिलांनी उत्तर दिले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले की हाच प्रश्न जगातील अनेक देशांना पडलेला आहे आणि त्याचे उत्तर शोधताना विसाव्या शतकाच्या अखेरीस न्यायालयाचा एक नवाच प्रकार जन्माला आला. इंग्रजीत त्याला 'हायब्रिड कोर्ट' म्हणतात. आपल्याकडे हायब्रीड म्हटले की जोंधळाच आठवतो, आणि 'संकरित न्यायालय' हा शब्द तर कानाला बरा लागत नाही. म्हणून मी 'संमिश्र न्यायालय' असे म्हणेन. एका देशाचे न्यायाधीश व देशाबाहेरचे न्यायाधीश एकाच पीठावर बसतात, देशाचा कायदा व आंतरराष्ट्रीय कायदा दोन्ही लावतात आणि जुलमी राजवटीत झालेल्या अत्याचारांचा निवाडा करतात, असे हे न्यायालय असते.

कल्पना नवी असली तरी मराठी माणसाला ती अगदीच परकी वाटू नये. आपल्या जुन्या गोतसभेत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी व गावचे बलुतेदार बसत. मजालसीत त्यांच्याबरोबर सरकारचे अधिकारीही असत. झालेल्या निर्णयाचा महजर होई आणि त्यावर साऱ्यांच्या निशाण्या पडत. आपल्या गावच्या गोतावर विश्वास नसेल तर वादी परस्थळी निवाडा मागू शकत असे. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या ग्रंथात (१९५३) हे सारे कागदपत्रांच्या आधारे मांडले आहे. हेच गुणे पुढे गोव्याच्या पुराभिलेखागाराचे संचालक झाले, हा योगायोग मला नेहमी गंमतीचा वाटत आला आहे. सरकारचा अधिकार व गावाचे ज्ञान एकत्र यावे, आणि गाव पक्षपाती असेल तर निवाडा गावाबाहेर न्यावा, या दोन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांना समजत होत्या. अर्थात त्या सभा जातिभेदाने ग्रासलेल्या होत्या. त्यांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही.

आता गोव्याकडे वळू. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचा डोंगर उतरला की गोवा लागतो. म्हादई आपल्या तालुक्यात उगम पावते आणि तिकडे मांडवी होऊन समुद्राला मिळते. बेळगाव हे गोवामुक्तीच्या चळवळीचे एक ठाणे होते. १९५५ च्या नोव्हेंबरात आंबोलीच्या रानात सुरू झालेले आणि पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून चालविलेले मुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी डिसेंबर १९६१ पर्यंत अखंड चालविले. म्हणजे गोव्यात काय चालले आहे याची बातमी जगाला सांगणारा आवाज आपल्या शेजारच्या रानातून निघत होता.

आणि गोव्यात काय चालले होते? पोर्तुगालमध्ये १९३२ पासून साळाझारची हुकूमशाही होती. सभा, वृत्तपत्र, संघटना या साऱ्यांवर तेथेही बंदीच होती, व गोव्यात तर अधिकच. १८ जून १९४६ रोजी डॉ. लोहियांनी मडगावला सभा घेतली, त्यानंतर धरपकड सुरू झाली. त्रिस्ताँव द ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. फेब्रुवारी १९५५ मध्ये अस्नोड्याचे बाळा राया मापारी पोलिसांच्या कोठडीत छळामुळे मरण पावले. गोवामुक्तीच्या लढ्यातील पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्याच वर्षी मे महिन्यात ना. ग. गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन गेले व त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. जुलैत मधु लिमये गेले. पोलिसांनी त्यांना इतके मारले की ते गेल्याची वार्ता पुण्यात पसरली. त्यांना बारा वर्षांची शिक्षा झाली, पैकी सुमारे १९ महिने त्यांनी प्रत्यक्ष भोगले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसे मेली. मोहन रानडे यांनी शस्त्र हाती घेतले होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये ते पकडले गेले, त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे लिस्बनजवळच्या काशियस तुरुंगात नेण्यात आले. गोवा मुक्त झाला तेव्हा ते तेथेच होते. मुक्तीनंतर आणखी सात वर्षे ते तेथेच राहिले. सुधीर फडके यांच्यासारख्यांची खटपट आणि अण्णादुराईंनी पोपकडे घातलेला शब्द यानंतर जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. तेलो मास्कारेन्यस तर १९७० मध्ये सुटले. भूमी स्वतंत्र झाली आणि तिच्यासाठी लढलेला माणूस परमुलखात कैदी राहिला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तिच्यातील कायद्याच्या पोकळीकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

ही पोकळी नीट समजावून घेतली पाहिजे, कारण संमिश्र न्यायालयाचे प्रयोजनच तिच्यात आहे. अत्याचार गोव्याच्या भूमीवर झाला, पोर्तुगीज राज्याच्या नोकरांनी केला. १९ डिसेंबर १९६१ नंतर ती भूमी भारताची झाली. साक्षीदार, कोठड्या आणि जखमा भारतात राहिल्या. हुकूम देणारे, त्यांचे वरिष्ठ आणि ज्यांना जाता आले ते सारे पोर्तुगालात गेले. पकडलेल्या तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिकांना १९६२ च्या मे महिन्यात मायदेशी पाठविण्यात आले. सैनिकांना परत पाठविणे युद्धाच्या नियमांप्रमाणे योग्यच होते. परंतु पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मानलेच नाही. दोन्ही देशांत राजनैतिक संबंध नव्हते. मग आरोपी मागावयाचा कोणाकडे? आणि पोर्तुगालच्या न्यायालयात जावे, तर तेथे साळाझार अद्याप सत्तेवर होता.

हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय होतेच, आणि भारत व पोर्तुगाल एकमेकांविरुद्ध तेथे उभेही राहिले होते. दादरा व नगरहवेलीकडे जाण्याच्या मार्गाचा तो वाद. त्यात भारताच्या बाजूने न्यायाधीश म्हणून आपले मो. क. छागला बसले होते. निकाल १९६० च्या एप्रिलमध्ये लागला. पण त्या न्यायालयापुढे राज्ये येतात, माणसे येत नाहीत. रस्त्याच्या हक्काचा तेथे खल झाला. ज्याची बोटे मोडली त्याला त्या दालनाच्या दारातही उभे राहता आले नसते.

आपल्या न्यायालयांचे काय? येथे एक कायदेशीर अडचण होती आणि दुसरी मनाची. कायदेशीर अडचण अशी की, जुन्या सत्तेविरुद्धचे हक्क नव्या सत्तेने मान्य केले तरच तिच्याकडे मागता येतात, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारले आहे. दमणच्या एका व्यापाऱ्याला पोर्तुगीज राजवटीने दिलेल्या आयात परवान्यांचा खटला १९६५ मध्ये निकाली निघाला, तो याच तत्त्वावर. परवान्याची ही गत, तर कोठडीतल्या माराची भरपाई कोण कोणाकडे मागणार, असे माझ्यासारख्या सामान्य वाचकाला वाटते. गुन्ह्याबद्दलचे खटले वेगळे. जे पोलीस, खबरे व दुय्यम नोकर गोव्यातच राहिले त्यांच्यावर खटले भरण्यास वाव होता, कारण माणसाला बेदम मारणे पोर्तुगीज कायद्यानेही गुन्हाच होता. तशी खटल्यांची मालिका उभी राहिली नाही. येथे मनाची अडचण येते. मारणारे सगळे गोरे पोर्तुगीज नव्हते. पुष्कळ जण त्याच गावचे, त्याच बाजारात भाजी घेणारे, कोणाचे मामा, कोणाचे व्याही. नव्या राज्याला शांतता हवी होती, गावाला शेजार टिकवायचा होता. मुक्तिसैनिकांना मान मिळाला, पुढे निवृत्तिवेतने मिळाली. १९८६ मध्ये गोवा सरकारच्या गॅझेटियर खात्याने स्वातंत्र्यसैनिकांच्या चरित्रनोंदींचा पहिला खंडही काढला. त्या नोंदींत कोणाला कधी पकडले, किती मारले, किती शिक्षा झाली हे सापडते. कोणी मारले हा रकाना त्यांत नाही. तो ग्रंथ गौरवासाठी केलेला आहे, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा करणेही योग्य नाही. परंतु गौरव झाला म्हणजे निवाडा झाला, अशी आपली समजूत होऊन बसली आहे, ती मात्र तपासून पाहिली पाहिजे.

या पोकळीतून एक माणूस कसा निसटला ते सांगतो. गोव्याच्या मुक्तिसैनिकांच्या आठवणींत 'एजंट मोंतेरो' हे नाव वारंवार येते. कासिमिरो मोंतेरो हा १९२० साली गोव्यातच जन्मलेला. पन्नाशीच्या दशकात तो गोव्याच्या पोलिसांत होता आणि त्याच्या क्रौर्याची कीर्ती गावोगावी होती. पुढे तो पोर्तुगालच्या राजकीय पोलिसांत, 'पीदे' या नावाने कुविख्यात झालेल्या खात्यात दाखल झाला. जनरल हुंबेर्तो देल्गादो यांनी १९५८ मध्ये साळाझारच्या उमेदवाराविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढविली होती. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांना फसवून स्पेनच्या सरहद्दीवर बोलावण्यात आले, आणि तेथे त्यांचा व त्यांच्या सचिव बाईंचा खून झाला. देल्गादोंना मारणारा हाच मोंतेरो. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये हुकूमशाही कोसळली, तेव्हा तो देशाबाहेर निसटला. १९८१ मध्ये लिस्बनच्या लष्करी न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत त्याला १९ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा दिली. ती त्याने भोगली नाही. १९९३ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत मेला.

त्या निकालात गोव्यातील एकाही माणसाचे नाव नाही, आणि हे स्वाभाविकच होते. पोर्तुगालने आपल्या जनरलचा न्याय केला. गोव्याच्या कोठडीतल्या माणसाची फिर्याद त्या न्यायालयापुढे नेणारे कोणी नव्हते. ज्या देशाचा तो माणूस आता नागरिक होता, त्या देशानेही ती नेली नाही. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत भारत व पोर्तुगाल यांच्यात तह झाला. त्यावर आपल्या बाजूने सही केली ती यशवंतराव चव्हाणांनी आणि त्यांच्या बाजूने मारिओ सोआरिस यांनी. सोआरिस स्वतः साळाझारच्या तुरुंगात राहिलेले. तहात सार्वभौमत्वाची मान्यता आहे, राजनैतिक संबंध आहेत, पोर्तुगीज भाषा व जुनी स्मारके आहेत, मालमत्तेचे प्रश्न आहेत. कोठडीतल्या छळाची चौकशी त्यात नाही. एकाच संयुक्त पीठावर दोन्ही देशांचे न्यायाधीश बसवावेत असे कोणाला सुचण्याचा तो काळही नव्हता. पण तशा पीठाला जागा होती तर ती नेमकी त्या वेळी होती: एका बाजूला नुकतीच हुकूमशाही उलथून टाकलेला देश, दुसऱ्या बाजूला साक्षीदारांचा देश, आणि साक्षीदार तोवर जिवंत.

पोर्तुगालने आपल्या राजकीय पोलिसांसाठी जुलै १९७५ मध्ये खास कायदा केला. त्याच्या आदल्याच महिन्यात त्या पोलिसांपैकी ८९ जण आल्कोएन्त्रच्या तुरुंगातून पळून गेले होते, इतका तेथे सावळागोंधळ होता. त्या कायद्याने खात्यात असणे हाच गुन्हा ठरविला आणि बहुतेकांना किरकोळ शिक्षा होऊन ते सुटले. खात्यात होता एवढे सिद्ध झाले की पुरे, त्यामुळे कोठे कोणाला कसे मारले याचा तपशील न्यायालयापुढे येण्याची फारशी गरजच उरली नाही. तो तपशील न येणे हे शिक्षा हलकी होण्यापेक्षाही वाईट, असे मला वाटते.

आणि त्या जुलैत आपल्याकडे काय होते? आणीबाणी. गोव्यात मार खाल्लेले मधु लिमये पुन्हा तुरुंगात होते, या वेळी स्वतंत्र भारताच्या, मध्य प्रदेशात. म्हणून पोर्तुगालला नावे ठेवताना आपण जरा जपून बोलावे. एप्रिल १९७६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी, आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही, असा निकाल दिला. एकटे ह. रा. खन्ना विरुद्ध गेले. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल २०१७ मध्ये रद्द झाला आणि त्या वेळचे प्रमुख निकालपत्र त्यांच्याच पुत्राने लिहिले. १९७७ मध्ये न्या. शहा आयोग नेमला गेला, १९७८ मध्ये त्याचे अहवाल आले. पण आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. आयोग काय घडले ते सांगतो, शिक्षा देऊ शकत नाही. १९७९ मध्ये विशेष न्यायालयांचा कायदा झाला, १९८० मध्ये सरकार बदलले आणि ती गाडी तेथेच थांबली. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली आहे, त्याला मान्यता देण्याचे मात्र अद्याप राहिले आहे. घरचे न्यायालय घरच्या सत्तेपुढे किती दुबळे पडू शकते, याची ही आपलीच उदाहरणे होत. पीठावर बाहेरचे न्यायाधीश का हवेत, हे त्यावरून कळते.

मग सगळेच बाहेरचे का नकोत? दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग व टोकियो येथे जेत्यांनी न्यायालये भरविली. टोकियोत आपले राधाबिनोद पाल यांनी विरुद्ध निकाल लिहून, जेत्याने जिताचा न्याय करणे न्याय ठरते काय, हा प्रश्न कायमचा विचारून ठेवला. १९९३ मध्ये युगोस्लाव्हियासाठी हेगला आणि १९९४ मध्ये रुआंडासाठी अरुशाला न्यायालये स्थापन झाली. ती मोठी व विद्वान, पण ज्यांच्यासाठी ती होती त्यांच्या गावांपासून दूर. निकाल लागला तो गावात वर्तमानपत्रातून कळावयाचा. २००२ पासून कायमचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आले, परंतु त्यापूर्वीच्या गुन्ह्यांना ते हात लावू शकत नाही, आणि भारत त्याचा सभासदही नाही.

या दोहोंच्या मध्ये संमिश्र न्यायालय उभे राहिले. पहिल्या काही प्रयोगांतला एक झाला तो पूर्व तिमोरमध्ये, आणि गोव्याच्या दृष्टीने तो फार बोलका आहे. तिमोरही पोर्तुगालचीच वसाहत. १९७५ मध्ये पोर्तुगीज गेले आणि इंडोनेशियाचे सैन्य आले. १९९९ च्या सार्वमतात लोकांनी स्वातंत्र्य मागितले, तेव्हा सैन्याच्या पाठिंब्याने टोळ्यांनी गावे जाळली, माणसे मारली. २००० मध्ये दिली येथे संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने खास पीठे नेमली: दोन न्यायाधीश बाहेरचे, एक तिमोरचा. २००५ पर्यंत त्यांनी ८४ जणांना दोषी ठरविले. पण हे ८४ बहुतेक टोळ्यांतले साधे गावकरी होते. ज्यांच्यावर आरोपपत्रे होती असे तीनशेहून अधिक लोक इंडोनेशियात होते, त्यांत मोठे सेनाधिकारी होते, आणि इंडोनेशियाने एकालाही स्वाधीन केले नाही. म्हणजे पोकळी येथेही उरलीच. तिमोरच्या सत्यशोधन आयोगाने २००५ मध्ये जो अहवाल दिला त्याचे नाव एकाच पोर्तुगीज शब्दाचे आहे: 'शेगा', म्हणजे 'पुरे'. गोव्यातल्या जुन्या माणसांना तो शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

दिलीच्या त्या न्यायालयात भाषेची फार ओढाताण झाली, आणि भाषेचा शिक्षक म्हणून मी येथे थोडा रेंगाळणार आहे. न्यायाधीशांना पोर्तुगीज वा इंग्रजी येई, कागद इंडोनेशियन भाषेत, साक्षीदार तेतूम बोले, किंवा आपल्या डोंगरातील तिसरीच एखादी भाषा. दुभाषे अपुरे. साक्ष दोनदोनदा भाषांतरित होऊन पीठापर्यंत पोहोचे. गोव्यातील लष्करी न्यायालयातही कामकाज पोर्तुगीजमध्ये चाले, आणि पिंजऱ्यात उभा असलेला कोकणी वा मराठी बोलणारा माणूस आपल्याला वीस वर्षे झाली की पंचवीस, हे दुभाष्याच्या तोंडाकडे पाहून समजून घेई. आपल्या सीमाभागात सातबाराच्या उताऱ्यापासून न्यायालयाच्या नोटिशीपर्यंतचा कागद वाचून घेण्यासाठी दुसऱ्याचे दार गाठावे लागले अशी माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांना यातले दुःख निराळे सांगावयास नको. 'मला कोंबडा केला', 'मला टांगले', 'हात पिरगाळला' यांतील प्रत्येक क्रियापद वेगळी वेदना सांगते, आणि त्या साऱ्यांचे भाषांतर 'मारहाण' असे झाले की साक्षीतील पुरावाच नाहीसा होतो. संमिश्र पीठावर स्थानिक न्यायाधीश हवा तो झेंड्यासाठी नव्हे. साक्षीदाराची भाषा कोणाला तरी मुळातून ऐकू आली पाहिजे, यासाठी तो हवा.

कंबोडियाचे न्यायालय २००६ पासून चालले, त्यात देशाचे न्यायाधीश बहुसंख्य होते. १९७५ ते १९७९ या काळात तेथे सुमारे १७ लाख माणसे मेली. सोळा वर्षे आणि ३० कोटींहून अधिक डॉलर खर्ची पडून दोषी ठरले तिघे. सिएरा लिओनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये शेजारच्या लायबेरियाचा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर याला ५० वर्षांची शिक्षा दिली.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र आफ्रिकेतील चाडचे आहे. हिसेन हाब्रे हा १९८२ ते १९९० या काळात चाडचा हुकूमशहा होता. सत्ता गेल्यावर तो सेनेगलला पळाला आणि तेथे सुखाने राहू लागला. गुन्हा एका देशात, गुन्हेगार दुसऱ्यात: गोव्याचीच आकृती. चाडच्या तुरुंगांतून वाचलेल्यांनी संघटना केली आणि एकमेकांच्या साक्षी लिहून ठेवल्या. २००१ मध्ये हाब्रेच्या गुप्त पोलिसांची दप्तरे राजधानीतल्या एका पडक्या कचेरीत धूळ खात पडलेली सापडली. अनेक वर्षे इकडून तिकडे खेटे घातल्यावर अखेर आफ्रिकी संघ व सेनेगल यांच्या करारातून डाकार येथे खास पीठ स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष बुर्किना फासोचे होते, बाकीचे दोघे सेनेगलचे. आफ्रिकेबाहेरचा एकही न्यायाधीश त्यात नव्हता. ३० मे २०१६ रोजी हाब्रेला जन्मठेप झाली. २०१७ मध्ये अपिलात ती कायम झाली आणि ७,३९६ पीडितांना भरपाई देण्याचा हुकूम झाला. पैसे मिळण्यास मात्र फार विलंब लागला, आणि हाब्रे २०२१ मध्ये मेला. पण जे वाचले होते त्यांनी त्याच्यासमोर उभे राहून, आपल्या भाषेत, आपल्यावर काय गुदरले ते सांगितले. गुन्हा घडून पंचवीस-तीस वर्षे लोटली होती. गोव्याच्या हिशेबाने हे १९८५ च्या सुमारास होऊ शकले असते.

आज ते होणार नाही. मोंतेरो गेला. गोरे, लिमये, रानडे गेले. कागद आहेत. लिस्बनच्या अभिलेखागारात 'पीदे'ची दप्तरे संशोधकांसाठी खुली आहेत, पणजीच्या पुराभिलेखागारातही पोर्तुगीज काळाचे प्रचंड दप्तर आहे. मराठी, कोकणी व पोर्तुगीज तिन्ही वाचणाऱ्या तरुणांनी ती दोन्ही समोरासमोर ठेवून वाचण्याचे काम अद्याप करता येण्यासारखे आहे. आपल्या तालुक्यातूनही १९५५ मध्ये माणसे गेली होती. त्यांच्या घरांत पत्रे असतील, सुटकेचे दाखले असतील. या शाळेच्या वरच्या वर्गातल्या मुलांनी एका सुटीत ती घरे धुंडाळली तरी पुष्कळ मिळेल.

आमचे ते शेजारी पुढे पुष्कळ वर्षे जगले. मी महाविद्यालयात शिकवू लागल्यावर एकदा त्यांच्या ओसरीवर बसलो असता त्यांनी मला त्या माणसाचे नाव सांगितले. नाव गोव्यातलेच, गाव सरहद्दीपासून फार दूर नसलेले. "लिहू का कुठे?" असे मी विचारले. ते म्हणाले, "तू लिहिशील, पण त्याला उत्तर कुठं देता येणार? त्याचीही पोरंबाळं असतील." मी ते नाव आजवर कोठे लिहिले नाही आणि या पुस्तिकेतही लिहीत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आपली बाजू मांडता यावी अशी जागा लागते, फिर्यादीला उलटतपासणी सोसावी लागते, आणि दोघांचे ऐकून घेणारा तिसरा लागतो. ती जागा त्या दोघांना कोणीच दिली नाही. आता दोघेही हयात नाहीत.